खोल्या भरल्या, मग गल्ला का भरत नाही?

लॉज, खानावळ आणि मंगल कार्यालय चालवणाऱ्या वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

आपल्याकडे ‘हॉटेल’ म्हटलं की चहा-भज्यांच्या टपरीपासून तारांकित इमारतीपर्यंत काहीही असू शकतं. मुक्कामाचं ते लॉज, जेवणाची ती खानावळ, रस्त्यावरचा तो धाबा. पण हिशेबाचे आणि कामाचे शब्द सगळीकडे तेच लागतात. या वेळी मराठवाड्यातून आलेले सात प्रश्न घेतले आहेत.

नांदेडला आमचं वीस खोल्यांचं लॉज आहे. मागच्या महिन्यात भाडं उतरवलं, खोल्या जास्त गेल्या, तरी महिनाअखेर पैसे कमीच आले. मुलगा ऑक्युपन्सी, एडीआर, रेव्हपार असं काही सांगत असतो. हे नेमकं काय?
(लॉजमालक, नांदेड)

मुलाचं ऐका, या तीन आकड्यांतच तुमचं उत्तर आहे. वीस खोल्या, तीस दिवस, म्हणजे महिन्याला विकायला ६०० ‘खोली-रात्री’. त्यातल्या ४२० गेल्या तर ऑक्युपन्सी ७० टक्के. त्या ४२० रात्रींचं नुसतं खोलीभाडं (जेवण, चहा, कर धरायचा नाही) ५,०४,००० रुपये आलं, तर गेलेल्या एका खोलीला सरासरी १,२०० रुपये पडले. हा एडीआर, म्हणजे सरासरी दैनिक भाडं. आणि तेच ५,०४,००० गेलेल्या-न गेलेल्या सगळ्या ६०० रात्रींनी भागले की ८४० येतात. तो रेव्हपार, म्हणजे तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक खोलीमागचं उत्पन्न.

आता भाडं ९५० केलं आणि ४८० रात्री गेल्या असं धरा. ऑक्युपन्सी ८० टक्के झाली, लॉज गजबजलेलं दिसलं. पण भाडं आलं ४,५६,०००, रेव्हपार उतरला ७६० वर. म्हणजे ४८,००० रुपये कमी. शिवाय जास्तीच्या ६० खोल्यांची चादरधुलाई, साबण, वीज, पाणी. खोलीमागे १८० रुपये धरले तरी आणखी १०,८०० गेले. भाडं उतरवताना आधी विचारायचं ते हे: जुनं उत्पन्न राखायला नव्या भावात किती खोल्या जायला हव्यात? इथे ५,०४,००० भागिले ९५०, म्हणजे ५३१ रात्री, जवळजवळ ८९ टक्के. होला मोहल्ला किंवा दसऱ्याला तेवढ्या जातील, पण तेव्हा भाडं उतरवायची गरजच नसते.

एक चूक बहुतेक ठिकाणी दिसते. ऑनलाइन बुकिंगवाल्यांचं कमिशन साधारण १५ ते २५ टक्के असतं, आणि ते एडीआरमधून वजा केलं जात नाही. १,२०० च्या खोलीवर २० टक्के कापले की हातात ९६०. समोर उभ्या गिऱ्हाइकाला तीच खोली १,०५० ला दिली तर ९० रुपये जास्त मिळतात. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा, थेट आलेले आणि मध्यस्थामार्फत आलेले.

कराचंही लक्षात घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे गाद्या, एसी, चादरी यांच्या बिलातला कर हा तुमचा खर्चच धरायचा.

तुळजापुरात पंचवीस खोल्या आहेत. नवरात्रात फोनवर बुकिंग घेतो, निम्मे लोक येत नाहीत. जास्तीचं बुकिंग घेतलं तर सगळेच येतात आणि काउंटरवर भांडणं होतात. शिवाय पहाटे येऊन आंघोळ करून दुपारी जाणारे पूर्ण दिवसाचं भाडं द्यायला तयार नसतात.
(लॉजचालक, तुळजापूर)

यात तीन वेगळे प्रश्न आहेत. ते वेगळेच ठेवले पाहिजेत.

बुकिंग करून न येणारा तो ‘नो-शो’, आणि खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेणं म्हणजे ‘ओव्हरबुकिंग’. ओव्हरबुकिंग हा जुगार नाही, त्याला नोंद लागते. गेल्या दोन-तीन महिन्यांत शंभर बुकिंगांपैकी आठ आले नाहीत, तर पंचवीस खोल्यांमागे दोन येणार नाहीत. मग एक खोली जास्त घ्या, दोन नाही. आणि ज्याला खोली देता आली नाही त्याला शेजारच्या लॉजवर तशीच खोली मिळवून देणं, भाड्यातला फरक आणि रिक्षा आपण सोसणं, हे त्यात आलंच. नवरात्रात मात्र एकही खोली जास्त घेऊ नका. गावात शेजारच्या लॉजवरही जागा नसते, मग लेकराबाळांसह आलेल्या भाविकाला पाठवणार कुठे?

नवरात्रावरचा उपाय आगाऊ रकमेचा. बुकिंगचे दोन प्रकार करा. पैसे भरलेलं ते पक्कं, त्याची खोली रात्रभर राखायची. पैसे न भरलेलं ते संध्याकाळी सहापर्यंत, त्यानंतर खोली समोरच्याला. हे फोनवर बोलतानाच सांगा आणि लगेच मेसेजही पाठवा. तारखाही नीट पाहा. गर्दी दसऱ्याला संपत नाही. देवीची निद्रा झाल्यावर कोजागरीला पायी येणारे भाविक असतात, आणि अनेक लॉजवाले दसऱ्यानंतर लगेच जुन्या भावावर येऊन बसतात.

पहाटे येणाऱ्यांसाठी ‘डे-यूज’ हा वेगळा दर ठेवा. सहा तास, ठरावीक वेळ, पूर्ण भाड्याच्या साधारण निम्मा ते साठ टक्के. एकच खोली दिवसात दोनदा गेली तर ऑक्युपन्सी शंभराच्या वर दिसेल, त्यात चूक काही नाही. पण चादरी आणि माणसं दिवसाच्या नाही, विक्रीच्या हिशेबाने लागतील. गिऱ्हाईक गेलेली खोली नीट तयार करायला अर्धा तास जातो. एक माणूस आठ तासांत चौदा-पंधरांहून जास्त खोल्या करू शकत नाही, केल्या तर बाथरूमचे कोपरे सांगतील.

म्हणूनच चोवीस तासांचा चेक-आउट यात्रेच्या दिवसांत अंगलट येतो. कोणी पहाटे तीनला आला, कोणी रात्री अकराला, मग खोल्या दिवसभर तुटक-तुटक रिकाम्या होतात आणि सफाईवाल्याला कामाचा अंदाजच लागत नाही. ठरलेली एक वेळ ठेवा. ती पाटीवर, पावतीवर आणि तोंडी, तिन्ही ठिकाणी सांगा.

लातुरात खानावळ आहे. मटण थाळी ३२० रुपयांना देतो. मटण ७५० रुपये किलो पडतं आणि ताटात १५० ग्रॅम वाढतो, म्हणजे मटणाचे ११३ रुपये. हिशेब बरोबर दिसतो, पण थाळी जितकी जास्त खपते तितकी ओढाताण वाढते.
(खानावळचालक, लातूर)

११३ हा आकडा चुकला आहे. तुम्ही कच्चं मटण मोजलंत आणि शिजलेलं वाढलंत.

दहा किलो मटण आणा आणि प्रत्येक टप्प्यावर काट्यावर ठेवा. चरबी, पडदा, हाडाचा चुरा काढून साधारण नऊ किलो उरेल. शिजल्यावर पाणी सुटून आणखी तीसेक टक्के वजन घटतं, म्हणजे ६.३ किलो. बोकडाचं वय, कट आणि शिजवायची वेळ यांनुसार हा आकडा हलतो, म्हणून तुमच्याच कसायाच्या मालावर तीन वेळा मोजून सरासरी काढा. शेवटी हातात उरणाऱ्या या वजनाला ‘यील्ड’ म्हणतात. आता ६,३०० ग्रॅमला १५० ने भागलं तर ४२ ताटं निघतात, ६६ नाही. ७,५०० रुपये ४२ ताटांवर पडले तर ताटामागे मटणच १७९ रुपयांचं. मसाला-तेल ३०, दोन भाकरी आणि भात १८, कांदा-लिंबू-चटणी ५. एकूण २३२. म्हणजे ३२० च्या थाळीत ७२ टक्क्यांहून जास्त नुसतं साहित्य. राहिलेल्या ८८ रुपयांत गॅस, पगार, भाडं, वीज कसं बसायचं?

खानावळीचा ‘फूड कॉस्ट’, म्हणजे साहित्याचा खर्च, सगळ्या विक्रीवर ३५ ते ४० टक्क्यांत राहिला पाहिजे. पण मटण थाळी एकटी त्यात कधीच बसत नाही आणि बसवायचा हट्टही धरू नये. २३२ ला ३८ टक्क्यांत बसवायचं तर थाळी ६१० रुपयांना द्यावी लागेल. इथे टक्के सोडून रुपये पाहा: विक्रीतून साहित्य वजा करून ताटामागे हातात किती उरतं. वाढप ११० ग्रॅमवर आणलं तर ५७ ताटं निघतात, मटण १३२ रुपयांवर येतं, साहित्य १८५. थाळी ३६० ला दिली तर ताटामागे १७५ उरतात, पूर्वीच्या दुप्पट. गिऱ्हाईक तक्रार करणार नाही, अट एकच: रस्सा भरपूर आणि चांगला असावा. आपल्याकडे येसर लावलेला दाट रस्सा हीच थाळीची खरी ओळख आहे, तो पातळ करून बचत करायला जाऊ नका.

११० ग्रॅम मात्र हाताच्या अंदाजावर सोडू नका. वाढपी बदलला की तुकडे बदलतात, ओळखीचं गिऱ्हाईक आलं की आणखी बदलतात. सकाळी मटण शिजल्यावर तुकडे रश्श्यातून वेगळे काढा, आणि काट्यावर एक वाटी भरून दाखवा: एवढं म्हणजे ११० ग्रॅम. त्याच मापाच्या वाट्या वापरा. रश्श्याचं ओगराळंही एकाच मापाचं ठेवा. याचंच नाव ‘पोर्शन कंट्रोल’.

आठवड्याचा ताळा असा घाला: सोमवारी सकाळचा शिल्लक माल, अधिक आठवड्याची खरेदी, वजा पुढच्या सोमवारचा शिल्लक माल, वजा कामगारांचं जेवण. समजा ३८,००० + १,१२,००० − ३१,००० − ९,०००, म्हणजे खप १,१०,०००. विक्री २,७५,००० असेल तर फूड कॉस्ट ४० टक्के. आता गेलेल्या ताटांवरून किती खप व्हायला हवा होता तेही काढा. दोन्हींत एक-दोन टक्क्यांचा फरक चालतो. चार-पाच टक्के दिसला तर जास्तीचं वाढप, नासाडी किंवा केओटीशिवाय बाहेर गेलेली ताटं, यांपैकी काहीतरी आहे. केओटी म्हणजे स्वयंपाकघराला दिलेली ऑर्डरची चिठ्ठी. तिच्याशिवाय मालकाच्या पाहुण्यालाही ताट द्यायचं नाही, हा नियम मालकानेच पाळला तर टिकतो.

बिलात सर्व्हिस चार्ज लावता येतो का?
(रेस्टॉरंटचालक, जालना)

आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. दुसऱ्या नावाने लावणंही त्यात बसत नाही. गिऱ्हाईक स्वखुशीने टीप देईल, ती वेगळी. खर्च निघत नसेल तर मेनूतले दर वाढवा.

परभणीत लॉज आहे. पांढऱ्या चादरी सहा महिन्यांत पिवळट-करड्या होतात, टॉवेल खरबरीत होतात. ब्लीच वाढवून पाहिलं, आणखीच पिवळं पडलं. पाणी बोअरचं आहे. आणि चादरी नेमक्या किती ठेवायच्या?
(लॉजमालकीण, परभणी)

दोष बहुतेक पाण्याचाच आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं. तो धाग्यांत बसतो, मळ धरतो, कापड करडं आणि कडक होतं. पिवळेपणा लोहाचा. पाण्यातल्या लोहावर क्लोरीनचं ब्लीच पडलं की त्याचा गंज होऊन तो कापडावरच बसतो. म्हणून ब्लीच वाढवल्यावर पिवळेपणा वाढला.

आधी पाणी तपासा. थेंब मोजायचं साधं किट मिळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ६००. धुलाईला यापेक्षा पुष्कळ मऊ पाणी लागतं. वॉशिंग मशीनच्या आधी पाण्याचा जडपणा काढणारा रेझिनचा सॉफ्टनर बसवा. त्यात मीठ घालून रेझिन वेळेवर ताजं केलं नाही तर तो नुसती टाकी होऊन बसतो, म्हणून आठवड्यातून एकदा सॉफ्टनरच्या पुढचं पाणी किटने तपासा. लोह जास्त असेल तर सॉफ्टनरच्या आधी लोह काढणारा फिल्टर हवा, नाहीतर रेझिन खराब होतं.

धुताना साबण नको, जड पाण्यासाठीची डिटर्जंट पावडर वापरा. ड्रम गच्च भरू नका, वरती हातभर मोकळी जागा राहिली तरच कापड आपटतं. तीन वेळा पाण्यातून काढा आणि शेवटच्या पाण्यात थोडं सायट्रिक ॲसिड टाका. उरलेला अल्क निघून जातो आणि टॉवेल मऊ होतात. क्लोरीनऐवजी ऑक्सिजनचं ब्लीच घ्या.

यात्रेकरूंच्या खोल्यांत हळदीचे डाग हमखास असतात. हळदीला डिटर्जंट लागला की डाग लाल होतो आणि लोक घाबरून ब्लीच ओततात. तसं करू नका. धुऊन चादर ओली असतानाच कडक उन्हात पसरा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. मराठवाड्याचं ऊन इथे फुकट कामाला येतं. केसांच्या तेलाच्या डागांसाठी उशीचे अभ्रे वेगळे काढून, भांडी घासायचं द्रावण चोळून मगच मशीनमध्ये टाका.

आता संख्या. सगळ्या खोल्यांना एकदा पुरतं तेवढं कापड म्हणजे एक ‘पार’. वीस खोल्यांना खोलीमागे एक डबल चादर आणि दोन अभ्रे, तर एक पार म्हणजे २० चादरी आणि ४० अभ्रे. धुलाई घरात असेल तर किमान तीन पार: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. कपाटातला पार आळशी समजू नका, धुतल्यावर दिवसभर विसावलेलं कापड जास्त टिकतं. धुलाई बाहेर जात असेल तर चार पार. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढायचे असतील तर पाच, कारण तेव्हा धुणं दोन-तीन दिवस साठतं. किलोभर कापडाला १५ ते २० लिटर पाणी लागतं. डबल चादर पाऊण किलोच्या आसपास भरते, त्यावरून टँकरचा हिशेब करा. टॉवेल ४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम वजन) आसपासचे घ्या. त्याहून जाड टॉवेल हाताला छान लागतात, पण पाणी जास्त पितात आणि पावसाळ्यात वाळत नाहीत.

मंगल कार्यालय आहे. मे महिन्यातल्या लग्नात मसालेभात सकाळी नऊला उतरवला, वरात लांबली, पंगत तीनला बसली. संध्याकाळी काही पाहुण्यांना उलट्या झाल्या. आचारी म्हणतो, वाढण्याआधी भात कडक गरम केला होता.
(कार्यालयचालक, बीड)

नेमकं काय झालं ते तपासणीशिवाय सांगता येणार नाही, पण ‘पुन्हा गरम केला होता’ यावर विसंबू नका. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष गरम करून नष्ट होत नाही. उलट्या साधारण अर्ध्या ते सहा तासांत सुरू होतात. बासुंदी आणि खव्याच्या पदार्थांत हाताच्या जखमेतून येणाऱ्या स्टॅफिलोकोकसचंही असंच आहे.

५ ते ६० अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. गरम पदार्थ ६५ अंशांच्या वर ठेवायचा, थंड ५ च्या खाली. उतरवलेल्या टोपात कडेचा भात आधी कोमट होतो, मधला वाफाळलेला दिसतो आणि झाकण काढणाऱ्याची फसगत होते. मेच्या उकाड्यात बाहेरच ४०-४२ अंश असतात, कोमट झालेला भात मग तासन्‌तास जिवाणूंना मानवेल अशाच उबेत राहतो. टोचायचा थर्मामीटर घ्या, बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवतो का ते पाहा, आणि भातात कडेला व मधे असं दोन ठिकाणी टोचा.

खरा उपाय एकदम न शिजवण्याचा. ६०० पानांना ४५ किलो तांदूळ लागत असतील तर १५-१५ किलोच्या तीन खेपा करा. भाज्या चिरलेल्या, मसाला परतलेला, पाणी उकळतं. मग तांदूळ भिजवून टाकले की एक खेप पाऊण तासात उतरते. या तयारीला हॉटेलवाले ‘मीझ आँ प्लास’ म्हणतात, आपले आचारी नुसती ‘तयारी’ म्हणतात. वरात कार्यालयाच्या दारात आली की पहिली खेप चढवायची. यजमान घाई करतील, पण पहिल्या पंगतीला दहा मिनिटं उशीर झालेला परवडतो. उरलेला भात ठेवायचाच असेल तर पसरट परातीत दोन इंचांहून कमी थर करा. दोन तासांत २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ च्या खाली आला पाहिजे. तेवढा फ्रिज नसेल तर ठेवू नका. प्रत्येक पदार्थाचा नमुना स्वच्छ डब्यात, तारीख-वेळ लिहून, तीन दिवस फ्रिजमध्ये राखा.

उपवासाच्या पंगतींसाठी भगर बंद पाकिटातली, तारीख पाहून घ्या. भगर ओल धरते, तिला बुरशी लागते. पीठ लागेल तेवढंच ताजं दळा. सुटं, साठवलेलं पीठ कार्यालयात येऊच देऊ नका.

हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ईपी, सीपी, एमएपी, एपी आणि नाइट ऑडिट पाठ होतं, पण काउंटरवर उभं राहिलं की गोंधळ होतो.
(विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

पहिली चार नावं भाड्यात काय-काय धरलंय ते सांगतात. ईपीत नुसती खोली. सीपीत खोली आणि नाश्ता. एमएपीत नाश्ता आणि एक जेवण, एपीत नाश्ता आणि दोन्ही जेवणं. गोंधळ इथे होत नाही, पाहुण्याने न खाल्लेल्या जेवणापाशी होतो. एमएपीचा पाहुणा दिवसभर वेरूळला असेल तर त्याचं जेवण रात्रीचं, हे चेक-इनलाच विचारून कार्डावर लिहा.

नाइट ऑडिट म्हणजे दिवस बंद करणं. दिवसाची तारीख घड्याळाने बदलत नाही, ऑडिट झाल्यावर बदलते. सगळ्या खोल्यांचं भाडं खात्यावर चढवा, केओटी आणि बिलं जुळवा, रोख व यूपीआयचा ताळा घाला, नो-शो नोंदवा. मग हाउसकीपिंगची खोल्यांची यादी तुमच्या यादीशी लावा. तुमच्याकडे खोली भरलेली आणि त्यांच्याकडे रिकामी दिसली तर दोन शक्यता असतात. पाहुणा पैसे देऊन गेला आणि तुम्ही नोंद विसरलात, तो ‘स्लीपर’. पैसे न देता गेला तो ‘स्किपर’. सामान आहे पण पलंग न चुरगळलेला, तो ‘स्लीप-आउट’, पाहुणा रात्री बाहेर राहिला. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या मुक्कामाची माहिती सरकारकडे २४ तासांत ऑनलाइन गेली का, हेही ऑडिटच्या वेळीच तपासायची सवय लावा.

आणि इथल्या काउंटरवर एक गोष्ट बुकिंग घेतानाच विचारायची असते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. रविवारी रात्री येणाऱ्याला सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम द्या. उलटा क्रम देऊन तो निघाला तर दोन्ही दिवस बंद दारासमोर जातील. अजिंठा शंभरेक किलोमीटरवर, गाडी सकाळी सातला निघते आणि नाश्ता त्यानंतर लागतो. सीपीच्या पाहुण्याचा डबा आदल्या रात्री नऊच्या आत स्वयंपाकघराला लिहून द्या: खोली क्रमांक, माणसं, शाकाहारी किती, निघायची वेळ.